गळाचा तंगूस (मासेमारीची दोरी)

काठी किंवा रॉडपासून गळाच्या काट्यापर्यंत जी दोरी जाते तिला आपल्याकडे सरसकट तंगूस म्हणतात. पण दुकानात गेलं की तीन प्रकार समोर येतात, नायलॉनचा एकेरी धागा म्हणजे मोनो, बारीक धागे विणून केलेली ब्रेड, आणि फ्लुरोकार्बन नावाच्या प्लास्टिकचा धागा. मग नवा माणूस काय करतो तर सगळ्यात जाड असेल ते रीळ उचलतो, मोठा मासा लागला तर तुटायला नको म्हणून. खरं तर जाड दोरी लांब फेकता येत नाही, पाण्यात दिसते, आणि मासा आमिषाला तोंड लावून निघून जातो.

मोनो सगळ्यात जुना आणि स्वस्त. नायलॉन 1935 साली अमेरिकेत ड्युपॉन्ट कंपनीत तयार झालं, गळाला ते आलं त्यानंतर. हा धागा ताणला की चांगला लांबतो, त्यामुळे रोहू-कतल्यासारखा मासा एकदम झटका देऊन पळाला तरी काटा तोंडातून फाटून निघत नाही. कणकेचा गोळा किंवा ढेप (पेंड) लावून काठावर शांत बसणाऱ्याला हाच बरा, 0.30 मिमीच्या आसपासचा घेतला तर बहुतेक कामं होतात. पण हा पाणी पितो आणि ओला झाला की थोडा कमजोर होतो, शिवाय बरेच दिवस रिळावर राहिला की स्प्रिंगसारखी वेटोळी धरतो.

आता नागपूरची खरी भानगड म्हणजे ऊन. उन्हातली अतिनील किरणं नायलॉनला आतून खातात, आणि इथे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, त्यात रीळ गाडीच्या डिक्कीत नाहीतर गच्चीवर पडलेलं असतं. वरून काही दिसत नाही, पण हातभर तुकडा दोन्ही हातांनी झटकून ओढला की कळतं, पटकन तुटला तर पूर्ण रीळ फेका, दया दाखवू नका. माझ्या मते मृग लागायच्या आधी मोनो बदलूनच टाकावा, त्याला काही फार पैसे लागत नाहीत.

ब्रेड पॉलिथिलीनच्या धाग्यांची असते, पाण्यावर तरंगते, जवळपास ताणतच नाही आणि तेवढ्याच ताकदीला मोनोपेक्षा कितीतरी बारीक असते. नागपूरच्या अंबाझरी तलावासारखी जलपर्णी माजलेली जागा असेल आणि मरळ धरायची असेल तर हीच पाहिजे, कारण मरळ लागली की सरळ झाडोऱ्यात घुसते आणि तिला ओढून बाहेर काढावं लागतं, लांबणाऱ्या दोरीने ते होत नाही. पण दगडावर घासली की ब्रेड लवकर कापली जाते, आणि नुसत्या हाताने ओढाल तर बोट चिरेल हे लक्षात ठेवा.

फ्लुरोकार्बन महाग पण पाण्यात कमी दिसतो. कारण असं की प्रकाश वाकवायचा त्याचा आकडा 1.42 आहे, पाण्याचा 1.33, नायलॉनचा 1.5 च्या वर, म्हणजे हा पाण्याच्या जास्त जवळ. जड असल्यामुळे खाली बसतो, घासणंही बऱ्यापैकी सहन करतो. हिवाळ्यात पाणी नितळ झालं की याचा उपयोग, पण पूर्ण रीळ भरायची गरज नाही, ब्रेडच्या टोकाला हात-दीड हात जोडला की झालं. पावसाळ्यात कन्हान नदी गढूळ वाहत असताना मात्र यावर पैसे घालणं म्हणजे निव्वळ हौस, तिथे दिसतंय कोणाला.

कोणतीही दोरी बहुतेक वेळा गाठीपाशीच तुटते. गाठ आवळायच्या आधी थुंकीने ओली करायची, कोरडी ओढली की घर्षणाने तापते आणि तिथेच कच्ची होते. वाढलेले तुकडे काठावर टाकू नयेत, बगळ्यांच्या पायात अडकतात. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये नायलॉन मांजावर बंदी घातली ती पतंगासाठी, गळाच्या दोरीसाठी नाही, पण पक्ष्याला अडकताना दोन्ही सारखेच.