कमानीच्या पाट्यांमधला गंज

कोकणात जुनी जीप बाळगणाऱ्यांची एक समजूत पक्की असते: जूनपासून चार महिने कोसळणारा पाऊस गाडी धुऊन काढतो, त्यामुळे खाऱ्या वाऱ्याने आणलेले मीठ तिच्यावर टिकत नाही. बॉनेट आणि टप यांच्या बाबतीत हे बरेचसे खरे आहे. गाडीच्या पोटाखाली मात्र पावसाची धार पोहोचत नाही. तिथे पोहोचतो तो चाकांनी उडवलेला चिखल, आणि तो मीठ धुऊन नेण्याऐवजी कमानींवर, म्हणजे एकावर एक पोलादी पाटे रचून केलेल्या स्प्रिंगांवर, लिंपून ठेवतो.

गेल्या मे महिन्यात रत्नागिरीजवळच्या एका गॅरेजात अशाच एका जीपची मागची कमान उतरवली जात असताना मी हजर होतो. कमानीचे टोक गाडीच्या चौकटीला जोडणाऱ्या शॅकलच्या बोल्टचा नट सुटला, पण बोल्ट काही हलेना. बोल्टाभोवती बसणाऱ्या रबरी बुशाची आतली लोखंडी नळी आणि बोल्ट यांच्यामध्ये गंज दाटून दोन्ही एकजीव झाले होते. शेवटी ग्राइंडरनेच कापावे लागले. गंजाचे घनफळ मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते, त्यामुळे बंद जागेत तो पाचरीसारखा घट्ट बसतो. पाट्यांना मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट काढून पाटे सुटे केल्यावर खरा प्रकार दिसला. सर्वांत वरच्या पाट्याचा काळा रंग शाबूत होता, आणि त्याच पाट्याच्या खालच्या अंगाला खारी बिस्किटासारखे तपकिरी पापुद्रे सुटत होते. ते तारेच्या ब्रशने झाडल्यावर नख अडकेल एवढे खड्डे उघडे पडले.

हवा मुबलक मिळणारी बाजू धडधाकट आणि हवा जेमतेम शिरणारी बाजू पोखरलेली, हे शाळेत शिकलेल्या गोष्टीच्या उलट वाटते, कारण गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. याचा उलगडा केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी 1920 च्या दशकात मिठाच्या पाण्याच्या एका थेंबातून केला. पोलादाच्या पत्र्यावर असा थेंब ठेवला, की त्याच्या कडेला हवेतला ऑक्सिजन सहज मिळतो आणि मध्यभागी तो लवकर संपतो. मग मधले लोखंड विरघळू लागते आणि त्याने सोडलेले इलेक्ट्रॉन धातूतूनच कडेकडे वाहतात. तिथे ऑक्सिजन ते स्वीकारून पाण्याबरोबर हायड्रॉक्साइड तयार करतो. पाण्यात योग्य दर्शके मिसळली, तर मध्यभाग निळा आणि कडा गुलाबी झालेल्या डोळ्यांनी दिसतात. म्हणजे ऑक्सिजन एका जागी खर्च होतो आणि लोखंड दुसऱ्याच जागी झिजते.

दोन पाट्यांमधली फट म्हणजे असाच एक लांबट थेंब आहे. फटीच्या आत लोखंडाचे धनभारित आयन साठले, की विद्युतभाराचा समतोल राखण्यासाठी मिठातले क्लोराइड आत ओढले जाते. लोखंडाच्या आयनांची पाण्याशी अभिक्रिया होऊन आम्ल तयार होते, सामू उतरतो आणि झीज आणखी वाढते. त्यातच समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असते. साधे मीठ हवेतली आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांवर गेल्यावर पाझरते, तर मॅग्नेशियम क्लोराइड 33 टक्क्यांच्या आसपासच पाणी ओढू लागते. त्यामुळे जानेवारीतल्या कोरड्या वाटणाऱ्या दुपारीही फट आतून ओलीच राहू शकते.

कमानीच्या दृष्टीने झिजलेल्या लोखंडाच्या वजनापेक्षा त्या झिजेने पडलेला खड्डा अधिक घातक असतो. कोरड्या हवेत पोलादाच्या थकव्याला एक मर्यादा असते. त्याखालचा ताण कितीही वेळा दिला तरी ते सहसा तुटत नाही. खाऱ्या ओलाव्यात ही मर्यादाच उरत नाही. खड्ड्याच्या तळाशी ताण एकवटतो, तिथे तडा जातो आणि प्रत्येक खाचखळग्यागणिक तो पुढे सरकतो.

गाडीच्या बॅटरीला जोडायची ‘इलेक्ट्रॉनिक गंजरोधक’ डबी विकणारे विजेच्या प्रवाहाने गंजापासून वाचवलेल्या जहाजांचे आणि पाइपलाइनचे दाखले देतात. तिथे समुद्राचे पाणी किंवा ओली माती विद्युतमंडल पूर्ण करते. हवेत उभ्या असलेल्या जीपभोवती असे सलग माध्यमच नसते, त्यामुळे त्या डबीवर पैसे घालवू नयेत.

तुटलेला पाटा वेल्डिंगने जोडणे, किंवा अडकलेला बोल्ट सोडवण्यासाठी पाट्याच्या डोळ्यापाशी, म्हणजे बोल्ट बसणाऱ्या टोकाच्या गोल वळशापाशी, गॅसची ज्योत धरणे, हे दोन्ही चुकीचे आहे. कमानीचे पोलाद आधी कडक करून मग साधारण 400 ते 550 अंश सेल्सिअसवर टेंपर केलेले, म्हणजे पुन्हा तापवून ठिसूळपणा घालवलेले असते. ज्योत त्याच्या बरीच पुढे जाते आणि पाटा कुठे मऊ, कुठे ठिसूळ होतो. बोल्टला दोन-तीन दिवस आधीपासून पाझरणारे तेल पाजावे, आणि तरीही न निघाल्यास तो कापावा. कमान आसाला बांधणारे यू-बोल्ट एकदा आवळल्यावर ताणले गेलेले असतात, म्हणून ते नवेच घ्यावेत. कमानी डाव्या-उजव्या जोडीने बदलाव्यात, म्हणजे गाडी एका अंगाला झुकत नाही. जळके ऑइल फासण्याची पद्धत सर्रास असली, तरी त्या तेलाने बुशाचे रबर फुगून कुजते. त्यापेक्षा किनाऱ्यावरून परतल्यावर पाइपने पाट्यांच्या कडांवर गोडे पाणी सोडणे अधिक उपयोगी पडते.

बुशाचे बोल्ट गाडी जॅकवर असताना फक्त बसवून ठेवावेत आणि चाके जमिनीवर टेकून पूर्ण वजन आल्यावरच आवळावेत. चाक लोंबकळत असताना आवळल्यास रबर पिळलेल्या अवस्थेत अडकते, वजन येताच आणखी पिळले जाऊन थोड्याच दिवसांत फाटते, आणि फाटलेल्या रबरामागे नळीच्या कडेने खाऱ्या पाण्याला शिरायला नवी फट मिळते.