तायक्वांदो आणि कराटे: ड्रेस पांढराच, कसरत मात्र वेगळी

सोसायटीच्या हॉलमध्ये पांढऱ्या ड्रेसमधली मुलं किक मारताना दिसली की आपण 'कराटेचा क्लास' म्हणून मोकळे होतो. पुष्कळदा तिथे तायक्वांदो चाललेलं असतं. खूण गळ्याशी बघा: कराटेचं जॅकेट समोरून उघडं, तायक्वांदोचं बहुधा 'व्ही' गळ्याचं, डोक्यातून घालायचं.

घोळ होतो यात नवल नाही. कराटे मूळचं जपानच्या ओकिनावा बेटांवरचं. तिथले कराटेगुरू गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ मध्ये त्याची टोकियोत प्रात्यक्षिकं केली. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता. जपानमध्ये शिकायला गेलेले काही कोरियन तरुण कराटेही शिकून आले आणि मायदेशी त्यांनी आखाडे काढले. त्यातून घडलेल्या विद्येला १९५५ मध्ये तायक्वांदो हे नाव मिळालं. पुढे तिने पायांवर जोर दिला.

तो जोर गुणांमध्येच दिसतो. तायक्वांदोच्या फाइटमध्ये छातीवर पंच लागला तर १ गुण, किक लागली तर २, डोक्यावर किक बसली तर ३, आणि गिरकी घेऊन तीच मारली तर ५. चेहऱ्यावर पंच मारायला बंदी. साहजिकच सगळा सराव पायांचा. 'डोल्यो छागी' ही रोजची किक घ्या: आधी गुडघा छातीशी, मग टेकलेल्या पायाची टाच समोर वळवायची, कंबर फिरवायची आणि शेवटी पाय झटकायचा. हे सगळं एका पायावर तोल सांभाळून. मांड्या, कंबर आणि पोटाचे स्नायू इतके एकत्र राबवणारे व्यायाम थोडेच. दमही वाढतो, कारण २ मिनिटांच्या फेरीत पाय क्षणभर स्थिर नसतात.

कराटेतही किक आहेत, पण हातांना बरोबरीचा मान आहे. खोल, पक्का पवित्रा, पंच, अडवणूक. जवळून अंगावर आलेल्या माणसापुढे हे हात जास्त कामाचे, असं मला ठामपणे वाटतं. केवळ स्वसंरक्षणासाठी मुलीला घालायचं असेल तर मी चांगलं कराटे निवडेन. लवचिकता, तोल आणि स्पर्धेची आवड असेल तर तायक्वांदो: २००० च्या सिडनीपासून ते प्रत्येक ऑलिंपिकमध्ये आहे, कराटेला फक्त टोकियोत संधी मिळाली.

चाळिशीत सुरुवात करणाऱ्यांनीही तायक्वांदोला घाबरू नये. किक कमरेपर्यंतच ठेवा, घाई करू नका, आणि टेकलेली टाच वळवायला विसरू नका. ती अडकली की सगळा पीळ गुडघ्यावर येतो.