राखीव ज्येष्ठ रनिंग बॅक

अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलमधील चौथ्या-पाचव्या वर्षाला पोहोचलेला, संघाची सारी आखणी अंगात मुरलेला, तरीही सामन्यात चेंडू मोजक्याच वेळा हाती पडणारा धावपटू (रनिंग बॅक म्हणजे चेंडू घेऊन धावणे हे मुख्य काम असलेला खेळाडू). संघाच्या क्रमवारीत तो दुसरा किंवा तिसरा असतो. तो मैदानात उतरला की प्रेक्षागारात, विशेषतः विद्यार्थ्यांच्या बाकांवर, अनेकदा पहिल्या पसंतीच्या खेळाडूपेक्षाही मोठा गजर होतो. हे प्रेम निव्वळ सहानुभूतीचे नसते. चेंडू हाती नसताना हा खेळाडू जे काम करतो ते आकडेवारीच्या तक्त्यात उमटत नाही, पण चार-चार हंगाम तेच मैदान पाहणाऱ्याच्या नजरेतून ते सुटत नाही. म्हणून प्रस्तुत नोंदीत त्या कामाचा तपशील विस्ताराने दिला आहे.

संज्ञा व पूर्वपीठिका : महाविद्यालयांमधील पहिला सामना 6 नोव्हेंबर 1869 रोजी न्यू ब्रन्सविक (न्यू जर्सी) येथे रटगर्स व प्रिन्स्टन यांच्यात झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मात्र त्या खेळात चेंडू घेऊन धावण्यास मुभा नव्हती, त्यामुळे रनिंग बॅकचा इतिहास तेथून मोजणे योग्य नाही. येलच्या वॉल्टर कॅम्प यांच्या पुढाकाराने 1880 मध्ये चेंडूचा ताबा एकाच संघाकडे ठेवणारी स्क्रिमेज रेषा (प्रत्येक चाल जेथून सुरू होते ती रेषा) आली आणि खेळाडूंची संख्या 11 झाली. 1882 मध्ये, चेंडूचा ताबा राखायचा तर तीन प्रयत्नांत 5 यार्ड पुढे जाण्याचे बंधन आले. आजचा चार प्रयत्नांत 10 यार्डांचा नियम 1912 चा आहे.

क्वार्टरबॅक (चाल चालवणारा व पास फेकणारा), हाफबॅक, फुलबॅक ही रेषेमागील खेळाडूंची नावे रेषेपासूनच्या अंतरावरून (पाव, अर्धे, पूर्ण) पडली असे सांगितले जाते. ब्रिटनमधील जुन्या रग्बीतही हीच नावे आढळतात आणि अमेरिकन खेळ रग्बीच्याच नियमांतून घडला. तेव्हा नावे तिकडून आली आणि अंतराचे स्पष्टीकरण त्यांना मागाहून नेमके बसले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ‘रनिंग बॅक’ हे व्यापक नाव विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळले. हाफबॅक व टेलबॅक ही त्याआधीची नावे आता मुख्यतः रचनेच्या चर्चेत उरली आहेत.

खेळाडू ‘ज्येष्ठ’ होण्यामागे पात्रतेचा नियम आहे. परंपरेने पाच वर्षांच्या मुदतीत चार हंगाम खेळता येतात. जे वर्ष न खेळता सरावात काढले जाते त्याला ‘रेडशर्ट’ म्हणतात. या शब्दाचे श्रेय बहुधा नेब्रास्का विद्यापीठाच्या वॉरन अल्फसन यांना दिले जाते. 1937 मध्ये त्यांनी सामन्यांत न उतरता केवळ सराव करण्याची परवानगी मागितली आणि सरावात ते लाल सदरा घालत, अशी ही हकिगत आहे. ती खोटी मानण्याचे कारण नाही, पण सरावात गट ओळखण्यासाठी रंगीत सदरे घालण्याची पद्धत अनेक ठिकाणी होती आणि क्रियापद म्हणून हा शब्द छापील मजकुरात 1950 च्या सुमारास रुळलेला दिसतो. एका व्यक्तीपेक्षा सरावमैदानावरील सामाईक बोलीतून तो आला असावा, याकडे प्रस्तुत लेखनाचा कल आहे. 2018 पासून चार सामन्यांपर्यंत खेळूनही ते वर्ष रेडशर्ट म्हणून राखता येऊ लागले.

राखीव खेळाडूला मैदान मिळू लागले ते बदली खेळाडूंच्या नियमामुळे. युद्धकाळात, 1941 पासून, बदल मोकळे झाले. 1953 मध्ये ते पुन्हा आवळले गेले आणि साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत टप्प्याटप्प्याने खुले झाले. मधल्या काळात तोच खेळाडू आक्रमण व बचाव दोन्ही करी आणि एकदा बाहेर गेला की परतणे अवघड असे. या अडचणीवर लुइझियाना स्टेटचे प्रशिक्षक पॉल डिट्झेल यांनी 1958 मध्ये तीन स्वतंत्र तुकड्यांचा तोडगा काढला. त्यांतील प्रामुख्याने बचाव करणारी राखीवांची तुकडी, ‘चायनीज बँडिट्स’, प्रेक्षकांची अतिशय लाडकी झाली. नाव एका चित्रकथेवरून घेतलेले होते व आज ते खटकते. पण तारांकित खेळाडू असताना राखीवांसाठी प्रेक्षागार उभे राहते याचे हे ठळक जुने उदाहरण आहे. त्या वर्षी संघ राष्ट्रीय विजेता ठरला. 1972 मध्ये प्रथम वर्षाच्या खेळाडूंना मुख्य संघातून खेळण्याची परवानगी मिळाली आणि ज्येष्ठाच्या जागेला तेव्हापासून खालून आव्हान मिळू लागले.

चेंडूची वाटणी : संघाला सामन्यात साधारण 65 ते 75 चाली मिळतात. त्यांपैकी 30 ते 40 धावण्याच्या धरल्या आणि क्वार्टरबॅकच्या धावा वगळल्या, तर रनिंग बॅकसाठी सुमारे 25 ते 30 कॅरी (चेंडू घेऊन केलेल्या धावा) उरतात. पहिल्याला 15-18, दुसऱ्याला 7-10 आणि तिसऱ्याच्या वाट्याला येते ते बहुधा निकाल लागल्यानंतरचे. ‘याला आणखी चेंडू द्या’ म्हणताना तो कोणाच्या तरी वाट्यातून काढावा लागतो, हे प्रेक्षक सहसा विसरतात. पहिल्या धावपटूला लय सापडायला आठ-दहा कॅरी लागतात, हा प्रशिक्षकांचा नेहमीचा युक्तिवाद. त्यात तथ्य आहे, पण तो दुसऱ्यालाही तितकाच लागू पडतो.

चेंडूविना काम : तिसऱ्या प्रयत्नाला 7-8 यार्ड हवे असताना तरुण, वेगवान धावपटू बाहेर येतो आणि ज्येष्ठ आत जातो. कारण पासचे संरक्षण, म्हणजे चेंडू फेकला जाईपर्यंत क्वार्टरबॅकला वाचवणे. रेषेवर पाच अडवणारे असतात. बचावाने सहा माणसे सोडली तर सहावा रनिंग बॅकचा. क्वार्टरबॅक सुमारे 5 यार्ड मागे आणि रनिंग बॅक त्याच्या बाजूला उभा असतो. चाल सुरू होताच रनिंग बॅकची नजर आतून बाहेर जाते : आधी मधला लाईनबॅकर (बचावाच्या पहिल्या फळीमागचा खेळाडू), मग बाहेरचा, शेवटी कडेचा बचावपटू. क्रम असा, कारण मधून येणाऱ्याचा मार्ग सर्वांत जवळचा असतो. माणूस ओळखला की मागे थांबून वाट पाहायची नाही. पुढे पाऊल टाकून त्याला रेषेजवळच गाठायचे. गुडघे वाकलेले, पाय खांद्याइतके रुंद, कोपरे बरगड्यांशी, तळवे समोरच्याच्या छातीवर आणि डोके वर. पास सुटायला अडीच-तीन सेकंद लागतात, तेवढे टिकायचे. कोणीच आले नाही तर आपण 4-5 यार्डांवर मोकळे होऊन क्वार्टरबॅकला शेवटचा पर्याय द्यायचा.

नवखा येथे तीन ठिकाणी चुकतो. बाहेरच्या हालचालीला भुलून तो आतला सोडतो. मान खाली घालून खांदा झोकतो आणि समोरचा बाजूने निसटतो. किंवा जागीच थांबतो आणि धडक थेट क्वार्टरबॅकच्या पायांत होते. अशा एका चुकीत क्वार्टरबॅक जायबंदी झाला तर हंगामच हातचा जातो. प्रशिक्षक ज्येष्ठाला संघात का ठेवतो आणि केवळ याच कामाला का वापरतो, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर येथे सापडते.

चेंडू हाती घेणे हेही दिसते तितके सोपे नसते. क्वार्टरबॅकच्या बाजूचे कोपर वर, छातीच्या उंचीवर, दुसरा हात पोटाखाली आडवा. चेंडू त्या पोकळीत ठेवला जातो, हात पुढे करून तो ओढून घ्यायचा नसतो. चुकीचे कोपर वर गेले की चेंडू त्यावर आपटून खाली पडतो. सुमारे 11 इंच लांब आणि 14 ते 15 औंस (साधारण 400 ते 425 ग्रॅम) वजनाचा हा चेंडू पाच ठिकाणी दाबून धरतात : टोकावर बोटे, मग तळहात, कोपरापर्यंतचा हात, दंड आणि बरगड्या. कोपर शरीरापासून सुटले की मागून येणारा मूठ मारून चेंडू उडवतो. इनसाइड झोन या नेहमीच्या चालीत धावपटूने गार्डच्या (रेषेवरील मधल्या खेळाडूशेजारच्या अडवणाऱ्याच्या) पायाच्या रोखाने जायचे, पहिली दोन पावले सबुरीने टाकायची आणि एकदाच वळायचे. नवखा घाईने बाहेर पळतो आणि 2 यार्ड गमावतो. ज्येष्ठ त्याच गर्दीत 3 यार्ड काढतो. पडद्यावर त्या 3 यार्डांची पुनरावृत्ती दाखवली जात नाही, मैदानात बसलेल्यांना मात्र त्यांची किंमत ठाऊक असते.

आघाडी राखण्याचा शेवटचा टप्पा हे त्याचे खास राज्य. 2008 पासून दोन चालींमध्ये 40 सेकंदांचे घड्याळ चालते. प्रतिस्पर्ध्याचे टाइमआउट संपले असतील तर हद्दीत राहून केलेल्या तीन धावा जवळपास दोन मिनिटे खातात. शेवटच्या दोन मिनिटांत सीमारेषेबाहेर गेले की घड्याळ थांबते, म्हणून जाणता धावपटू दोन यार्ड सोडून देतो, आत वळतो आणि दोन्ही हातांनी चेंडू कवटाळून पडतो.

आकडे व त्यांतील फसगत : ज्येष्ठाच्या बाजूने हमखास मांडला जाणारा पुरावा म्हणजे प्रति-कॅरी सरासरी. तो जपून वापरावा. समजा नऊ कॅरी अशा झाल्या : 2, 3, 1, 4, 0, 3, 62, 2, 4. बेरीज 81, सरासरी 9 यार्ड. चढत्या क्रमाने मांडल्यास मधला आकडा मात्र 3. एका लांब धावेने सारे चित्र फिरते, आणि ती धाव थकलेल्या किंवा बदली बचावाविरुद्ध असेल तर आणखीच. उलट बाजूही आहे. केवळ 1 यार्ड हवा असताना पाठवल्या जाणाऱ्याची सरासरी कमीच दिसणार, जरी तो दर वेळी काम फत्ते करीत असला तरी. त्यापेक्षा यशाचे प्रमाण पाहावे : पहिल्या प्रयत्नात हव्या असलेल्या यार्डांपैकी निम्मे, दुसऱ्यात सुमारे 70 टक्के आणि तिसऱ्या-चौथ्यात पूर्ण अंतर मिळाले तरच कॅरी यशस्वी धरायची. या कसोटीला चांगला ज्येष्ठ उतरतो, आणि चाहत्यांचा आग्रह मग भावनेपुरता राहत नाही. जुने विक्रम पाहताना आणखी एक पथ्य : महाविद्यालयीन आकड्यांत बोल सामने (हंगामाअखेरचे निमंत्रित सामने) 2002 पासूनच हंगामात मोजले जातात.

काही प्रसिद्ध उदाहरणे : बॅरी सँडर्स ओक्लाहोमा स्टेटमध्ये दोन वर्षे थर्मन थॉमस यांच्यामागे होते आणि किकऑफ (खेळ सुरू करणारी किक) परतवण्यात नाव कमावत होते. थॉमस गेल्यावर 1988 मध्ये त्यांनी 11 सामन्यांत 2,628 यार्ड व 37 टचडाऊन (गोलरेषेपार चेंडू नेणे) धावून वर्षातील सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन खेळाडूचा हाइसमन करंडक मिळवला. ते तेव्हा तिसऱ्या वर्षातच होते, त्यामुळे काटेकोरपणे ते या नोंदीत बसत नाहीत. पण राखीवात दडलेल्या गुणवत्तेचा दाखला म्हणून त्यांचेच नाव प्रथम घेतले जाते.

या प्रकाराचा खरा नमुना म्हणजे टेक्सासचे प्रीस्ट होम्स. गुडघ्याच्या दुखापतीमुळे 1995 चा हंगाम हुकला आणि परतल्यावर सहकारी धावपटू रिकी विल्यम्स पुढे निघून गेले होते. 1996 मध्ये होम्स यांना जेमतेम 59 कॅरी मिळाल्या, त्यांत 324 यार्ड आणि तब्बल 13 टचडाऊन. म्हणजे गोलरेषा जवळ आली की विश्वास त्यांच्यावर. त्या डिसेंबरमध्ये सेंट लुइस येथील बिग ट्वेल्व्ह या विद्यापीठगटाच्या अंतिम सामन्यात टेक्सासने नेब्रास्काला 37–27 असे हरवले, तेव्हा होम्स यांनी 120 यार्ड व तीन टचडाऊन केले. व्यावसायिक संघांच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्ट) त्यांना कोणीही घेतले नाही. 2001 मध्ये 1,555 यार्डांसह ते व्यावसायिक लीगमध्ये अव्वल ठरले.

ऑबर्नच्या 2004 च्या अपराजित (13–0) संघात दोन ज्येष्ठ होते : कार्नेल विल्यम्स (239 कॅरी, 1,165 यार्ड) आणि रॉनी ब्राउन (153 कॅरी, 913 यार्ड). पुढल्या निवडीत कमी चेंडू मिळालेले ब्राउन दुसऱ्या क्रमांकावर आणि विल्यम्स पाचव्या क्रमांकावर गेले. टेनेसीचे अल्व्हिन कमारा (दोन हंगामांत 210 कॅरी) आणि अलाबामाचे जॉश जेकब्स (2018 मध्ये 120 कॅरी, 640 यार्ड) हीही कमी चेंडू मिळालेल्यांतलीच नावे, जरी ते ज्येष्ठ नव्हते. कमी वापरामुळे त्यांचे पाय ताजे राहिले, हा व्यावसायिक संघांना पटणारा मुद्दा; कमारा 2017 चे सर्वोत्तम नवोदित आक्रमक ठरले आणि जेकब्स 2022 मध्ये 1,653 यार्डांसह लीगमध्ये पहिले आले. या यशस्वी नावांमागे अशा असंख्य खेळाडूंची रांग आहे ज्यांचा शेवटचा सामना महाविद्यालयातच झाला. चाहत्यांच्या प्रेमाचे खरे धनी तेच.

चाहत्यांची रीत : घरच्या मैदानावरील अखेरच्या सामन्याला ‘सीनियर डे’ म्हणतात. खेळ सुरू होण्यापूर्वी प्रत्येक ज्येष्ठाचे नाव पुकारले जाते, तो बोगद्यातून धावत येतो आणि मैदानात उभ्या आईवडिलांना भेटतो. अनेक प्रशिक्षक त्या दिवशी राखीव ज्येष्ठाला पहिल्या चालीला उतरवतात. आघाडी मोठी असेल तर चौथ्या सत्रात गोलरेषेजवळ त्याच्याच हाती चेंडू देण्याचा आग्रह प्रेक्षक घोषणांनी धरतात. तेथे तो 2 यार्डांची धाव घेऊन आत पडला की रेषेवरचे पाचही अडवणारे त्याला उचलायला धावतात. चार वर्षे सरावात त्यांच्या पाठीमागे कोण होता हे त्यांना माहीत असते.

अलीकडील स्थिती : ऑक्टोबर 2018 मध्ये स्थलांतराची नोंदवही (ट्रान्स्फर पोर्टल) सुरू झाली. 2021 पासून एकदा विद्यापीठ बदलून लगेच खेळता येऊ लागले आणि त्याच वर्षी 1 जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावण्याची मुभा मिळाली. दुसऱ्या क्रमांकावरचा धावपटू आता तिसऱ्या वर्षी थांबण्याऐवजी बहुधा दुसरीकडे जातो. काही जण चार सामने खेळून, वाटणी पाहून, सप्टेंबरअखेर हंगाम थांबवतात व वर्ष राखतात. याउलट 2020 चा हंगाम महासाथीमुळे पात्रतेत न मोजल्याने पुढील काही वर्षे सहाव्या वर्षातले धावपटूही दिसत राहिले. एकाच विद्यापीठात चार वर्षे राखीव राहून सीनियर डेला बोगद्यातून बाहेर येणारा रनिंग बॅक आता विरळा झाला आहे.