तळ्याचा कागद चिकटत का नाही

मेहुण्याच्या शेततळ्याचं काम आटोपलं तेव्हा बांधावर कागदाचे दोन तुकडे उरले होते. सगळे त्याला कागदच म्हणतात. प्रत्यक्षात ते ५०० मायक्रॉनचं, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीचं पॉलिथीन. फुकटात मिळतंय म्हणून मी ते गुंडाळून घरी आणलं. परसात कमळासाठी तीन मीटर बाय दोन मीटरचा, साठ सेंटिमीटर खोल खड्डा तयारच होता. एक तुकडा पुरत नव्हता, दोन पुरत होते. मध्ये एक सांधा द्यायचा, एवढंच.

आधी चपलेला लावतात ते सोल्युशन लावलं. दुसऱ्या दिवशी कड उचकटली. मग दोन नळ्या एकत्र कालवून करायचं इपॉक्सी आणलं, वर विटा ठेवल्या, दोन दिवस वाळू दिलं. पाणी भरलं आणि चौथ्या दिवशी खड्ड्यात घोटाभर उरलं. सांधा तपासायला हात घातला तर इपॉक्सीची पट्टी पापडासारखी कडक, अख्खीच्या अख्खी हातात आली. खाली कागद कोरा. ओरखडासुद्धा नाही.

शेततळ्यावर वेल्डिंगला आलेल्या पोराला फोन केला तर तो हसला. "काका, ह्याला चिकटवायचं नसतं, शिजवायचं असतं."

त्याचं म्हणणं रसायनशास्त्राला धरून आहे. गोंदाची बाटली कशाची असते ते बघा. बहुतेकदा पॉलिथीनची. आत महिनोन् महिने गोंद राहतो आणि भिंतीला चिकटत नाही, हाच तर तिचा गुण. पॉलिथीनचा रेणू म्हणजे कार्बनची लांबच लांब साखळी, तिच्या दोन्ही अंगांना फक्त हायड्रोजन. धन-ऋण टोकं नाहीत, गोंदाच्या रेणूनं धरावं असं काही नाही. चिकटायच्या आधी गोंदानं पृष्ठभागावर पसरायला हवं, आणि इथं तो पसरायलाच तयार नसतो. पृष्ठभागाची ही ओढ मोजता येते. पाण्याची साधारण ७२ एकक असते, इपॉक्सीची चाळिशीच्या पुढे, पॉलिथीनची जेमतेम ३१. जास्त ओढीचा द्रव कमी ओढीच्या पृष्ठभागावर पसरत नाही, गोळा होऊन बसतो. दुधाच्या रिकाम्या पिशवीवर पाण्याचा थेंब टाकून बघा, मण्यासारखा उभा राहतो. मग त्या पिशवीवर छपाई कशी टिकते? छापण्याआधी फिल्मवरून विजेचा बारीक मारा करतात, त्यानं पृष्ठभागावर थोडा ऑक्सिजन जोडला जातो आणि शाईला पकड मिळते. तळ्याच्या कागदावर असं कोणी करत नाही.

जाता जाता सांगायची एक गंमत. हे पॉलिथीन जगात आलं त्यात एका गळतीचा हात आहे. १९३३ साली इंग्लंडमधल्या विनिंग्टनला फॉसेट आणि गिब्सन या रसायनशास्त्रज्ञांना प्रचंड दाबाखालच्या प्रयोगात पांढरा मेणचट पदार्थ मिळाला, पण तो पुन्हा धड बनवता येईना. डिसेंबर १९३५ मध्ये त्याच प्रयोगशाळेत उपकरण गळत होतं, दाब उतरला म्हणून आणखी इथिलीन, म्हणजे ज्या वायूपासून पॉलिथीन बनतं तो, भरलं, आणि त्या इथिलीनमधल्या किंचित ऑक्सिजननं साखळ्या जुळायला सुरुवात झाली. गळक्या सांध्यातून आलेला पदार्थ आता लाखो लिटर पाणी धरून ठेवतो!

तर शिजवणं. दुधाच्या पिशवीची मागची उभी शिवण आणि वरखालचे बंद हे गोंदाचे नसतात, तापवून दाबलेले असतात. शेततळ्याचा सांधा तोच, आकारानं मोठा. दोन कागदांच्या कडा एकमेकींवर चार बोटं चढवायच्या, मधून तापलेली धातूची पाचर किंवा गरम हवेचा झोत सरकवायचा आणि मागून येणाऱ्या रोलरनं दाबायचं. शेततळ्याला वापरतात ते दाट पॉलिथीन १३० अंशांच्या आसपास वितळतं. पाचर त्याहून पुष्कळ गरम ठेवतात, कारण ती एका जागी क्षणभरच असते. वितळलेल्या दोन्ही थरांतल्या साखळ्या सैल होऊन पलीकडच्या थरात घुसतात, ओल्या शेवयांचे दोन ढीग एकमेकांत कालवावेत तशा. थंड होताना त्यांचे बारीक स्फटिक बनतात आणि गुंता तिथंच पक्का बसतो. दोन कागद राहतच नाहीत, एक होतो.

म्हणूनच धूळ आणि दव हे सांध्याचे खरे शत्रू. मध्ये मातीचा पातळ थर असला तर साखळ्या पलीकडे पोचणार कशा? आणि पाण्याचा थेंब असला तर उष्णता तो थेंब उकळण्यातच खर्च होते, सांध्यात वाफेचे बुडबुडे राहतात. तो पोरगा सकाळी नऊपर्यंत मशीनला हात लावत नव्हता, ते मला आळस वाटलं होतं. तो दव उडायची वाट बघत होता. जुन्या कागदाला नवं ठिगळ लावतानाही हीच अडचण येते. उन्हानं वरचा थर ऑक्सिडाइझ झालेला असतो, त्यामुळे आधी घासून खालचा ताजा थर उघडा करावा लागतो.

चांगलं मशीन एका वेळी दोन समांतर पट्ट्या वितळवतं आणि मध्ये बोटभर पोकळी सोडतं. दोन्ही टोकं बंद करायची, सुई खुपसून पोकळीत हवा भरायची आणि काटा बघत बसायचं. काही मिनिटं दाब टिकला तर सांधा पास. दुसरी चाचणी फुकटातली आहे: काम सुरू करायच्या आधी टाकाऊ तुकड्यांवर सांधा मारून त्याची इंचभर रुंद पट्टी कापायची आणि दोन्ही बाजूंनी ओढायची. कागद ताणून फाटला पाहिजे, सांधा सुटता कामा नये. दुधाची पिशवी फाडताना शिवण उघडत नाही, बाजूची फिल्म लांबत जाते, तसं. कंत्राटदाराला ही पट्टी ओढून दाखवायला सांगा. तो कुरकुरला तर पुढचं तुम्हीच ठरवा.

दुसरी जात रबराची. परदेशात परसातल्या तळ्यांना इपीडीएम नावाचं काळं रबर सर्रास वापरतात, जाडी साधारण एक मिलिमीटर. मऊ असतं, खड्ड्याच्या आकाराशी जुळवून घेतं, ऊन-थंडी सोसतं. आपल्याकडे ते महाग पडतं आणि सहज मिळत नाही. पण त्याची गोष्ट वेगळीच: ते वितळत नाही. कारखान्यात त्याच्या साखळ्या एकमेकींना आडव्या पुलांनी बांधलेल्या असतात, त्यालाच व्हल्कनायझेशन म्हणतात. हे पूल असले की तापवून साखळ्या सैल होत नाहीत. आणखी तापवलं तर जळतात. त्यामुळे इथं शिजवण्याचा उपाय संपला, खरोखरच चिकटवावं लागतं.

ते कसं करायचं हे कुठल्याही चौकातल्या पंक्चरवाल्याला पाठ आहे. ट्यूब पुसतो, कानशीनं किंवा पॉलिश पेपरनं घासून चमक घालवतो, सोल्युशनचा पातळ हात देतो आणि मग थांबतो. हे थांबणं सगळ्यात महत्त्वाचं. सोल्युशनमधला द्रावक उडायला हवा, बोट लावलं तर चिकट लागावं पण बोटाला येऊ नये. घाईनं पॅच बसवला तर अडकलेला द्रावक पुढं फुगा धरतो. मग पॅच ठेवून मधून कडेकडे ठोकतो, म्हणजे हवा बाहेर जाते. तळ्याच्या रबराला ब्यूटाइल रबराची दुतर्फा चिकट पट्टी लावतात, तिचीही रीत हीच: पुसा, प्रायमर लावा, थांबा, पट्टी बसवा, रोलर फिरवा. रोलर नसेल तर जुनं लाटणं चालतं. आणि पॅच गोल का, हेही तिथंच कळतं. चौकोनी ठिगळाचा ताण कोपऱ्यांवर गोळा होतो, म्हणून कोपरा पहिला उचलतो.

तिसरी जात पीव्हीसी. ते चिकटवायची पद्धत प्लंबरकडून घ्या. पाइपला सोल्युशन लावतो तेव्हा तो गोंद लावत नसतो, पाइपचा वरचा पापुद्रा विरघळवत असतो. दोन विरघळलेले पृष्ठभाग एकमेकांत मिसळतात, द्रावक उडून जातो आणि मागे एकसंध पीव्हीसी राहतं. उष्णतेऐवजी द्रावक, बाकी गुंता तोच. म्हणजे घरी जोडायला सगळ्यात सोपं हेच. पण मूळ पीव्हीसी पाइपसारखं कडक असतं. त्याची मऊ चादर करायला त्यात तेलकट द्रव मिसळतात. नव्या रेनकोटला येतो तसा वास या चादरीलाही येतो. ऊन-पावसात हे तेल हळूहळू बाहेर पडतं आणि चादर जुन्या रिक्षाच्या सीटसारखी ताठ होऊन तडकते. कमळापुरतं ठीक. मासे सोडायचे असतील तर माशांसाठी सुरक्षित असं स्पष्ट लिहिलेलंच घ्यावं.

दुकानात गेल्यावर आपण सगळे एकच विचारतो, "किती मायक्रॉन?" जुना दुकानदार गेजमध्ये सांगतो, चारशे गेज म्हणजे साधारण शंभर मायक्रॉन, तेव्हा ५०० मायक्रॉनला दोन हजार गेज धरा. माझ्या मते त्याआधी विचारायचा प्रश्न हा की सांधा कोण मारणार आणि कशानं. वेल्डिंगची सोय नसेल तर पॉलिथीन फक्त एकसंध घ्यावं. जाडीइतकाच महत्त्वाचा असतो काजळीचा अंश. कागद काळा असतो तो दिसायला नव्हे. दोन-तीन टक्के बारीक काजळी अतिनील किरण स्वतः पिते आणि साखळ्या तुटू देत नाही. शेततळ्यासाठी विणलेल्या, दोन्हीकडून लेप दिलेल्या कागदाला आयएस १५३५१ हे भारतीय मानक आहे, त्याचा शिक्का बघून घ्यावा.

आता भोक आणि सांधा यांतला फरक आकड्यांत बघू. तीस बाय तीस मीटरचं, तीन मीटर खोल आणि ४५ अंशांच्या उताराचं शेततळं घ्या. त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावतं, आणि कडेच्या चरात गाडायचा भाग धरून कागद लागतो जवळपास १,२०० चौरस मीटर. तळाशी एक मिलिमीटरचं भोक पडलं आणि खाली मोकळा मुरूम असला, तर दिवसाला तीनशे लिटरच्या आसपास पाणी जाईल. मे महिन्यात जालना-सोलापूरकडे रोज आठ मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं तरी नऊशे चौरस मीटरवरून ७,२०० लिटर होतात. म्हणजे तसली दोन डझन भोकं मिळून एका उन्हाची बरोबरी करतात. पण तळाचा सांधा एक मीटर लांबीत नुसता अर्धा मिलिमीटर उघडला, तर त्याच हिशेबानं दिवसाला दोन लाख लिटरपर्यंत पाणी निघून जाऊ शकतं. उंदीर, खेकडे आणि बांधावर चढलेली शेळी यांना आपण शिव्या घालतो, पण तळं रिकामं करतो तो सांधा. (विहिरीतून उपसून तळ्यात भरायचं आणि वर उन्हाला उडू द्यायचं, हा हिशेब आणखी वेगळा. तिथं मेहुण्याचं आणि माझं पटत नाही.)

सांध्यावर ताण कुठून येतो? बराचसा उन्हातून. मेच्या दुपारी रिकाम्या तळ्यातला काळा कागद साठ अंशांच्या वर जातो, पहाटे पंचविसावर येतो. तेवढ्या फरकानं बत्तीस मीटर लांबीचं साधं पॉलिथीन जवळजवळ वीतभर आखडतं. दुपारी ताणून बसवलेला कागद पहाटे सांधे ओढत असतो, म्हणून थोडी ढिलाई सोडून बसवतात. शिवाय पॉलिथीन पाण्यापेक्षा हलकं असतं. खाली पाणी किंवा कुजणाऱ्या मुळांचा वायू साचला की मधोमध म्हशीच्या पाठीसारखा फुगा वर येतो. गवत-मुळ्या काढून, दगड वेचून, तळ दाबून घ्यायचा तो यासाठीही.

आणखी एक, आणि हे शेततळं असणाऱ्या प्रत्येकानं आजच करावं. ओल्या कागदावर शेवाळाचा पातळ थर धरला की त्या उतारावर पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. पाय टेकायला काही नसतं, हात धरायला काही नसतं. अशा तळ्यांत दरवर्षी माणसं, मुलं जातात. चारही बाजूंना गाठी मारलेले दोर आणि दोराला बांधलेले जुने टायर पाण्यात सोडून ठेवा, भोवती कुंपण घाला.

माझ्या खड्ड्याला अखेर एकसंध कागद आणला. हिशेब सोपा आहे: लांबी, अधिक खोलीची दुप्पट, अधिक दोन्ही कडांना फूटफूट, तसंच रुंदीचं. ४.८ बाय ३.८ मीटर झाला. खाली जुनी गोणपाटं अंथरली, कोपऱ्यात घड्या एकाच दिशेला घातल्या, कमळाची टोपली सोडली, डासांसाठी गप्पी मासे सोडले. आठवड्यानं पाणी पुन्हा उतरलेलं दिसलं आणि पोटात गोळा आला.

मग बादली आणली. तिच्यात पाणी भरलं, तळ्यातच विटांवर अर्धी बुडवून ठेवली आणि आत-बाहेर दोन्हीकडे खडूनं पातळी मारली. ऊन-वारा दोघांना सारखाच, त्यामुळे बाहेरची पातळी आतल्यापेक्षा जास्त उतरली तर कागद गळतोय. तीन दिवसांनी पट्टी लावली. बादलीत २१ मिलिमीटर, तळ्यात २२. मेहुणा म्हणाला, "तो एक मिलिमीटर कमळानं प्यायला."