ब्रुकलिन डॉजर्स : १९५५ चा विजेता हंगाम

न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागातील ब्रुकलिन डॉजर्स या व्यावसायिक बेसबॉल संघाने १९५५ मध्ये वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग या दोन मोठ्या लीगांच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका, जिंकली. ब्रुकलिनमध्ये असेतोवर संघाला मिळालेले हे एकमेव वर्ल्ड सिरीज विजेतेपद. त्याआधी सात वेळा संघ अंतिम मालिकेपर्यंत पोचून हरला होता : १९१६ व १९२० मध्ये, आणि मग १९४१, १९४७, १९४९, १९५२ व १९५३ मध्ये. शेवटच्या पाचही वेळा हरवणारा संघ एकच, तोही त्याच शहरातला न्यूयॉर्क यांकीज.

ब्रुकलिनच्या रस्त्यांवर ट्रॅमगाड्या इतक्या, की तिथल्या लोकांना ‘ट्रॉली चुकवणारे’ म्हटले जाई. डॉजर्स हे नाव त्यातून आले. घरचे प्रेक्षक मात्र संघाला लाडाने ‘बम्स’, म्हणजे उडाणटप्पू, म्हणत. प्रत्येक पराभवानंतर ‘पुढच्या वर्षी बघू’ हे त्यांचे ठरलेले वाक्य. कप्तान पी वी रीस यांकीजविरुद्धच्या त्या पाचही मालिका खेळून हरला होता.

व्यवस्थापक वॉल्टर अल्स्टन यांचे हे दुसरेच वर्ष. संघाने पहिले १० सामने सलग जिंकले आणि पहिल्या २४ पैकी २२. ८ सप्टेंबरला नॅशनल लीगचे विजेतेपद पक्के झाले. तोवर त्या लीगमध्ये इतक्या लवकर ते कुणी मिळवले नव्हते. अखेरचा हिशेब ९८ विजय, ५५ पराभव. ड्यूक स्नायडरने ४२ होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे, बहुधा कुंपणापलीकडे जाणारे फटके) मारले. कॅचर, म्हणजे फलंदाजामागे उभा राहून चेंडू झेलणारा, रॉय कॅम्पानेला लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तोही तिसऱ्यांदा. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, डॉन न्यूकॉम्बने २० सामने जिंकून दिले आणि वर बॅटने ७ होमरन ठोकले. पिचरकडून एवढ्या फटकेबाजीची अपेक्षा कुणी ठेवत नाही. १९ वर्षांचा सँडी कोफॅक्सही याच हंगामात संघात आला, पण अंतिम मालिकेत त्याला उतरवले नाही.

मालिकेची सुरुवात जुन्याच वळणाने झाली. यांकी स्टेडियमवरचे पहिले दोन्ही सामने डॉजर्स हरले. पहिल्या सामन्यात ३६ वर्षांच्या जॅकी रॉबिन्सनने, १९४७ मध्ये मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत पाडणाऱ्या त्याच रॉबिन्सनने, तिसऱ्या बेसवरून (धाव काढताना ओलांडायच्या तीन टप्प्यांपैकी शेवटच्या) फटक्याची वाट न पाहता धावत थेट होम प्लेट ‘चोरली’, म्हणजे फलंदाज उभा असतो ती जागा गाठून धाव मिळवली. तो बाद होता, हा यांकीजच्या कॅचर योगी बेराचा दावा पुढे आयुष्यभर टिकला. एबेट्स फील्डवर, घरच्या मैदानात, डॉजर्सनी पुढचे तिन्ही सामने घेतले. त्यांतला पहिला पिचर जॉनी पॉड्रेसने आपल्या तेविसाव्या वाढदिवशी जिंकून दिला. सहावा सामना यांकीजकडे गेला.

४ ऑक्टोबरच्या सातव्या सामन्यात रॉबिन्सन खेळला नाही. चेंडू पुन्हा पॉड्रेसच्या हाती होता. हंगामात त्याचे ९ विजय आणि १० पराभव, म्हणजे आकड्यांत अगदी बेताचा पिचर. हात त्याच वेगाने फिरवून चेंडू हळू सोडणारा ‘चेंजअप’ हे त्याचे हत्यार. क्रिकेटमधल्या ‘स्लोअर वन’चा हा भाऊच.

डॉजर्सच्या दोन्ही धावा गिल हॉजेसच्या फटक्यांवर आल्या. (सामन्यात प्रत्येक संघाला नऊ डाव असतात.) सहाव्या डावात दुसरी धाव आल्यावर अल्स्टन यांनी आणखी धावांसाठी, दुसऱ्या बेसवर क्षेत्ररक्षण करणाऱ्या डॉन झिमरऐवजी बदली फलंदाज पाठवला. त्याचा काही उपयोग झाला नाही, पण झिमरची जागा रिकामी झाली. ती भरायला लेफ्ट फील्डमधला, म्हणजे मैदानाच्या डाव्या टोकाचा, जिम गिलियम दुसऱ्या बेसवर आला आणि लेफ्ट फील्डला क्यूबाचा सँडी अमोरोस गेला. मग त्याच डावात यांकीजची पाळी आली. त्यांचे दोन खेळाडू बेसवर, कुणी बाद नाही, आणि समोर बेरा. तो डावखुरा, चेंडू उजवीकडे ओढणारा, म्हणून अमोरोस डाव्या सीमारेषेपासून बराच लांब, मैदानाच्या मध्याकडे सरकून उभा होता. बेराचा चेंडू नेमका उलट, डाव्या कोपऱ्याकडे गेला. अमोरोस लांबवर धावत आला आणि कुंपणाजवळ उजवा हात ताणून त्याने झेल घेतला. तो डावखुरा असल्याने ग्लोव्ह उजव्या हातात होता. डाव्या हातात ग्लोव्ह घालणाऱ्या गिलियमला तोच चेंडू आडवा हात घालून पकडावा लागला असता. अमोरोसने चेंडू रीसकडे फेकला, रीसने पहिल्या बेसवर हॉजेसकडे, आणि गिल मॅकडुगल्डही बाद झाला : झेल पकडला गेल्यावर धावणाऱ्याला आपल्या बेसवर परतावे लागते, पण पहिल्या बेसवरून पुढे गेलेल्या त्याला उशीर झाला. सामना डॉजर्सनी २–० असा जिंकला. आठव्या डावात यांकीजने पुन्हा दोघांना बेसवर आणले होते, पण पॉड्रेसने धाव दिली नाही. शेवटचा चेंडूही रीसकडेच आला.

पॉड्रेस मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. हा पुरस्कार त्याच वर्षी सुरू झाला होता. पहिले दोन सामने गमावून सात सामन्यांची वर्ल्ड सिरीज जिंकणारा हा पहिलाच संघ.

मात्र त्याच ऑगस्टमध्ये मालक वॉल्टर ओमॅली यांनी पुढच्या हंगामातले काही घरचे सामने जर्सी सिटीत खेळवण्याचे जाहीर केले होते. जुने, अडचणीचे एबेट्स फील्ड त्यांना सोडायचे होते. १९५७ च्या हंगामानंतर संघ लॉस एंजेलिसला गेला. १९६० मध्ये एबेट्स फील्ड पाडण्यात आले आणि त्या जागी राहत्या इमारती उभ्या राहिल्या.