भटजीशिवायचं लग्न आणि धर्माशिवायचं लग्न

माझ्या मावसभावाचं लग्न सातारा जिल्ह्यातल्या त्यांच्या गावी सत्यशोधक पद्धतीनं लागलं. होम नव्हता, कन्यादान नव्हतं. दोघांनी उभं राहून एकमेकांसमोर शपथ घेतली, मराठीतल्या मंगलाष्टका झाल्या आणि तांदळाऐवजी झेंडूच्या पाकळ्या पडल्या. पंगतीत माझ्या शेजारी नवरीकडच्या एक आजी होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे हे रजिस्टर लग्नच की. मग मांडव कशाला घातला?" समोरच्या काकांनी लगेच समजावलं, "अहो, देव न मानणाऱ्यांचं लग्न आहे हे."

दोघांचंही चुकलं होतं, आणि ही चूक मी शिकल्यासवरल्या लोकांच्या तोंडूनही ऐकते. सत्यशोधक विवाह आणि नोंदणी विवाह या दोन्हींत भटजी नसतो, म्हणून दोन्ही एकच समजले जातात. पण एकात मधल्या माणसाला बाजूला केलेलं असतं आणि दुसऱ्यात धर्माचा प्रश्नच विचारलेला नसतो. हा फरक कळला नाही तर लग्नावरची चर्चा भरकटते आणि कधीकधी एखाद्या बाईचा हक्कही हातचा जातो.

दोन्हींचा उगम एकाच काळातला आहे. 1872 मध्ये ब्रिटिश सरकारनं विशेष विवाह कायदा केला. बंगालमधल्या ब्राह्मो समाजाला, विशेषतः केशवचंद्र सेन यांच्या अनुयायांना मूर्तिपूजा आणि होम टाळून लग्न करायचं होतं, पण अशा लग्नाला कायद्याचा आधार नव्हता. कायदा झाला खरा, पण त्यात एक जबर अट होती. आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, ज्यू, बौद्ध, शीख किंवा जैन यांपैकी कोणताच धर्म मानत नाही, असं लिहून द्यावं लागे. श्रद्धेवर प्रश्न उपस्थित करायचा असेल तर आधी घराबाहेर पडा, असाच त्याचा अर्थ होता.

पुढच्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांनी दुसरी वाट धरली. 24 सप्टेंबर 1873 रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि 25 डिसेंबरला पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. वधू राधा, वर सीताराम जबाजी आल्हाट. या जोडप्याला कुठलाही धर्म सोडल्याचं लिहून द्यावं लागलं नाही. फुल्यांनी देव नाकारला नव्हता. ते त्याला निर्मिक म्हणत. त्यांचा सवाल एवढाच होता की, निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये दक्षिणा घेणारा दलाल कशाला? ज्या मंत्रांचा अर्थ नवऱ्यालाही कळत नाही आणि नवरीलाही नाही, त्या मंत्रांनी दोघं बांधली कशी जातात? 1887 मध्ये त्यांनी या विधीची पुस्तिकाच छापली. त्यातल्या मंगलाष्टकांत नवरी स्त्रियांच्या हक्कांची मागणी करते आणि ते देण्याची शपथ वराकडून मागते. नवरीनं भर मांडवात अट घालायची, हे त्या काळात किती मोठं होतं याचा विचार केला की आजही माझा ऊर भरून येतो.

याचा राग ग्रामजोशांना, म्हणजे गावच्या वतनदार पुरोहितांना आला तो धर्म बुडतोय म्हणून जितका, तितकाच हक्काची दक्षिणा बुडते म्हणूनही. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला तर भटजीशिवाय लग्न लावल्याबद्दल हे प्रकरण कोर्टात गेलं. म्हणजे "धर्मात ढवळाढवळ नको" या घोषणेत श्रद्धा किती आणि वतन किती, हे तेव्हाही तपासावं लागत होतं.

आता कायद्याचं बघू, कारण गफलत खरी इथे होते.

सत्यशोधक लग्न 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या छत्राखाली येतं. या कायद्याचं सातवं कलम सांगतं की, वधू किंवा वर यांच्यापैकी कुणाही एकाकडच्या रूढ विधींनी लग्न लावता येतं, आणि त्या विधींत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडल्यावर लग्न पूर्ण होतं. सप्तपदी असेल तर! भटजी हवाच, होम हवाच, असं कलम म्हणत नाही. मात्र "रूढ" या शब्दात अडचण आहे. आपला विधी रूढ आहे हे वाद झाल्यावर सिद्ध करावं लागतं. 1965 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे महाराष्ट्रातला एक खटला आला होता. पहिली बायको असताना माणसानं दुसरं लग्न केलं होतं. त्या लग्नात होम आणि सप्तपदी झाली नव्हती आणि ती वगळण्याची रूढीही सिद्ध झाली नाही, म्हणून ते लग्न कायद्याच्या लेखी लागलंच नाही आणि द्विभार्येच्या आरोपातून तो सुटला. पहिल्या बायकोच्या पदरात काय पडलं? विधी म्हणजे नुसतं कर्मकांड, असं आपण पुरोगामी मंडळी फार सहज म्हणतो. हा निकाल वाचल्यापासून मी तसं म्हणताना दहा वेळा विचार करते.

तमिळनाडूनं हा धोका ओळखला. तिथले समाजसुधारक पेरियार यांच्या स्वाभिमान चळवळीत भटजीशिवाय हजारो लग्नं लागली होती, पण 1953 मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं अशा लग्नाला कायदेशीर मानायला नकार दिला. मग अण्णादुराईंच्या सरकारनं 1967 मध्ये हिंदू विवाह कायद्यात 7-अ हे कलम घातलं. नातेवाईक, मित्र किंवा इतर माणसांसमोर एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचं सांगितलं, हार किंवा अंगठी घातली अथवा ताली, म्हणजे तिकडचं मंगळसूत्र बांधलं की लग्न झालं. आधी लागलेल्या लग्नांनाही त्यानं संरक्षण मिळालं. सत्यशोधक लग्नाला दीडशे वर्षं उलटली तरी महाराष्ट्रात असं कलम नाही. फुल्यांचं नाव प्रत्येक व्यासपीठावरून घेतलं जातं, मग एवढं एक कलम विधिमंडळाकडून व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

नोंदणी विवाहाची गोष्ट वेगळी आहे. 1872 च्या कायद्यातली ती जाचक अट 1923 मध्ये हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांपुरती सैल झाली. डॉ. आंबेडकरांनी 15 एप्रिल 1948 रोजी दिल्लीत सविताबाईंशी लग्न केलं तेही नोंदणी पद्धतीनं. 1954 च्या नव्या विशेष विवाह कायद्यानं ती अट पूर्णच काढली. आता धर्म सोडावा लागत नाही आणि सांगावा लागतो तोही लग्नाची अट म्हणून नाही. दोघांपैकी एकानं तरी त्या जिल्ह्यात किमान 30 दिवस राहिलेलं असावं, विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यावी, ती फलकावर लागते, 30 दिवसांत कुणी कायदेशीर हरकत घेतली नाही तर तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना स्वीकारल्याचं आपल्या भाषेत बोलायचं. लोक याला कोर्ट मॅरेज म्हणतात, पण कोर्टाचा इथे संबंध नाही. घरच्यांचा विरोध असलेल्या जोडप्यांना ती 30 दिवसांची नोटीस फार जड जाते, कारण दुसऱ्या जिल्ह्यात नोटीस दिली तरी तिची प्रत कायमच्या राहत्या ठिकाणच्या अधिकाऱ्याकडे जाते.

लग्नानंतरही फरक राहतो. हिंदू-मुस्लिम जोडप्यानं या कायद्यानं लग्न केलं तर वारसा भारतीय उत्तराधिकार कायद्यानं ठरतो. दोघंही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर 1976 च्या दुरुस्तीपासून त्यांचा आपला वारसा कायदाच चालतो. आंतरधर्मीय जोडप्याला सत्यशोधक पद्धत मनापासून आवडली तरी ती एकटी पुरत नाही, कारण हिंदू विवाह कायद्याला दोन्ही पक्ष त्या कायद्याच्या कक्षेतले लागतात.

आणि ज्याला आपण "नोंदणी केली" म्हणतो ती तिसरीच गोष्ट. ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत होते ती विवाह नोंदणी, म्हणजे आधी लागलेल्या लग्नाची नोंद. तिनं लग्न लागत नाही. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे पुन्हा स्पष्ट केलं की, विधी न करता हिंदू विवाह कायद्याखाली नुसतं प्रमाणपत्र काढलं तर ते लग्न ठरत नाही.

2023 मध्ये समलिंगी विवाहाचा खटला चालला तेव्हा हाच फरक मध्यवर्ती होता. न्यायालयानं सुनावणीत धर्मांचे व्यक्तिगत कायदे बाजूला ठेवून विशेष विवाह कायद्यापुरतं बघायचं ठरवलं. तरी बाहेरची चर्चा मात्र "लग्न हा पवित्र संस्कार आहे" इथेच अडकली. संस्कार मानणाऱ्याला त्याची श्रद्धा आहेच, तिला कुणी हात लावत नव्हतं. पण जो कायदा मुळात श्रद्धा विचारतच नाही, त्याच्या दारात श्रद्धेचा पहारा बसवणं मला अन्यायाचं वाटतं. ज्याला श्रद्धेच्या आतूनच बदल हवा त्यानं फुल्यांसारखा मांडवात वाद घालावा, तिथे शास्त्र, परंपरा, निर्मिक सगळं बोलता येतं. सरकारी टेबलापाशी प्रश्न फक्त वय, संमती, आधीचं लग्न आणि नातं एवढ्यांचाच असायला हवा.

ज्यांना दोन्ही हवं आहे त्यांच्यासाठी एक वाट आहे, ती फार कमी जणांना ठाऊक असते. विशेष विवाह कायद्याचं बारावं कलम लग्नाचं स्वरूप जोडप्यावर सोडतं. अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर ती कबुली झाली की बाकी मंगलाष्टका, शपथा, पाकळ्या तुमच्या.

माझ्या मावसभावानं ती वाट घेतली नव्हती. आठवड्यानं आम्ही ग्रामपंचायतीत विवाह नोंदणीचा अर्ज भरायला गेलो, तेव्हा पुरोहिताच्या रकान्यापाशी पेन थांबलं. "भटजींचं नाव?" लिपिकानं विचारलं. भटजी नव्हते, लग्न लावलं होतं गावातल्याच एका निवृत्त शिक्षिकेनं. तो जरा थांबला, मग म्हणाला, "ज्यांनी लावलं त्यांचंच लिहा." बाईंना घरून बोलावलं. त्या पदराला हात पुसत आल्या, चष्मा लावला आणि पुरोहित या छापील शब्दापुढे स्वच्छ अक्षरात सही केली.