टेक्सासच्या मतदार यादीतील 6,08,470 माणसे

जानेवारी 2011 मध्ये ऑस्टिन येथे टेक्सास राज्याच्या सिनेटमध्ये ‘सिनेट बिल 14’ या विधेयकावर चर्चा चालू होती. मतदान केंद्रावर छायाचित्र असलेले ठरावीक सरकारी ओळखपत्र दाखवल्याखेरीज मत देता येणार नाही, हा त्या विधेयकाचा गाभा होता. विरोधी डेमोक्रॅटिक सदस्य विधेयकाचे प्रवर्तक, रिपब्लिकन पक्षाचे ट्रॉय फ्रेझर यांना एकामागून एक प्रश्न विचारत होते. राज्यातील किती नोंदणीकृत मतदारांकडे असे ओळखपत्र नाही? त्यांत कृष्णवर्णीय किती आणि हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक देशांतून आलेल्या वंशाचे, किती? फ्रेझर यांनी बहुतेक प्रश्नांना एकच उत्तर दिले, की त्याबाबत आपल्याला माहिती नाही. 26 जानेवारीला विधेयक 19 विरुद्ध 11 मतांनी, म्हणजे तंतोतंत पक्षनिहाय विभागणीने, सिनेटमध्ये संमत झाले. विचारले गेलेले प्रश्न मोजणीचे होते, त्यांना उत्तर असणे शक्य होते आणि पुढच्या काही वर्षांत संख्याशास्त्रज्ञांनी व राज्यशास्त्रज्ञांनी ते शोधलेही. ते शोधणे किती अवघड होते आणि ते करताना कोणत्या पद्धती घडल्या, हे समजून घेण्यासारखे आहे.

हा वाद 2011 पूर्वीच अनेक वर्षे धुमसत होता. टेक्सास सिनेटमध्ये तेव्हा असा प्रघात होता, की उपस्थित सदस्यांपैकी दोन-तृतीयांश जणांची संमती असल्याशिवाय विधेयक चर्चेला घेतले जात नसे. 31 सदस्यांच्या सभागृहात 2007 साली डेमोक्रॅट नेमके 11 होते, त्यामुळे त्यांतील एकजण जरी गैरहजर राहिला तरी अडवणूक मोडणार होती. ह्यूस्टनचे सिनेटर मारिओ गॅलेगोस यांच्यावर त्याच वर्षी जानेवारीत यकृत प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया झाली होती. डॉक्टरांचा सल्ला बाजूला ठेवून ते ऑस्टिनला राहिले आणि सभागृहालगतच्या खोलीत त्यांच्यासाठी रुग्णालयातील खाट मांडण्यात आली. 2009 मध्ये रिपब्लिकन बहुमताने याच विषयापुरता दोन-तृतीयांशाचा नियम बाजूला सारून विधेयक सिनेटमध्ये संमत केले, तेव्हा प्रतिनिधिगृहातील डेमोक्रॅटांनी किरकोळ स्थानिक विधेयकांवर पाच दिवस भाषणे लांबवून अधिवेशनाची मुदतच संपवत आणली. पुढच्या निवडणुकीत प्रतिनिधिगृहातील रिपब्लिकन संख्याबळ इतके वाढले, की अशा डावपेचांना जागाच उरली नाही.

भारतातील वाचकाला हा संघर्ष सुरुवातीला अनाकलनीय वाटेल. आपल्याकडे निवडणूक आयोग नोंदणी झालेल्या मतदाराला स्वतःच छायाचित्र ओळखपत्र करून देतो, आणि ते जवळ नसल्यास आधार, पासपोर्ट किंवा छायाचित्र असलेले बँक पासबुक चालते. अमेरिकेत सर्वांना दिले जाणारे राष्ट्रीय ओळखपत्र नाही. बहुतेकांचे ओळखपत्र म्हणजे वाहन चालवण्याचा परवाना, आणि जो गाडी चालवत नाही त्याच्याकडे बऱ्याचदा दुसरे काहीच नसते. टेक्सासच्या कायद्याने परवाना, राज्याचे व्यक्तिगत ओळखपत्र, पासपोर्ट, छायाचित्रासह नागरिकत्वाचे प्रमाणपत्र, लष्करी ओळखपत्र आणि बंदूक बाळगण्याचा परवाना यांना मान्यता दिली. विद्यापीठाच्या विद्यार्थी ओळखपत्राला दिली नाही. ज्यांच्याकडे यांतील काहीच नाही त्यांच्यासाठी मोफत ‘निवडणूक ओळख प्रमाणपत्र’ ठेवले होते. मात्र ते मिळवण्यासाठी जन्माचा दाखला लागे, आणि तो काढायला पैसे पडत. 2014 मध्ये या कायद्याविरुद्धचा खटला उभा राहिला तोवर अशी जेमतेम 279 प्रमाणपत्रे दिली गेली होती.

ओळखपत्र नसलेल्यांची संख्या कशी काढायची? लोकांना विचारणे हा सोपा वाटणारा मार्ग फसवा आहे. मुदत संपलेला परवाना त्यानंतर 60 दिवसांपर्यंतच चालत असे. परवान्याची मुदत संपली आहे का, आणि ती संपून 60 दिवसांपेक्षा जास्त काळ लोटला आहे का, हे पुष्कळांना सांगता येत नाही. हार्वर्ड विद्यापीठाचे स्टीफन अ‍ॅन्सोलाबेहेर यांनी दुसरा मार्ग धरला. सुमारे 1 कोटी 35 लाख नावांची राज्याची मतदार यादी घ्यायची, परवाना, पासपोर्ट, नागरिकत्व, लष्कर या प्रत्येक खात्याच्या नोंदींशी ती ताडून पाहायची आणि ज्या मतदाराचे नाव कुठेच सापडत नाही त्याला बाजूला काढायचे.

ऐकायला हे कारकुनी काम वाटते, पण खरी अडचण इथेच सुरू होते. दोन याद्यांना जोडणारा निर्दोष सामाईक क्रमांक नसतो, आणि नाव हा तर फारच कच्चा धागा आहे. लग्नानंतर आडनाव बदलते, मधले नाव एका नोंदीत असते व दुसरीत गळते, दुहेरी हिस्पॅनिक आडनावाचा एकच भाग टंकला जातो. एकच आडनाव इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. 2013 मध्ये कायदा प्रथमच राज्यभर लागू झाला, तेव्हा खुद्द महाधिवक्ता ग्रेग अ‍ॅबट आणि सिनेटर वेंडी डेव्हिस या दोघांनाही यादीतील व परवान्यावरील नाव हुबेहूब जुळत नसल्यामुळे प्रतिज्ञेवर सही करावी लागली होती. नाव जुळलेच पाहिजे असा हट्ट धरला, तर ओळखपत्र असलेली माणसेही ‘नसलेल्यां’त मोजली जातात.

उलट चूकही तितकीच सहज होते. नाव आणि जन्मतारीख जुळली म्हणजे माणूस तोच, असे मानले तर योगायोग आडवा येतो. 23 जणांच्या गटात दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी अधिक असते, हे गणित प्रसिद्ध आहे. वर्षासह पूर्ण जन्मतारीख घेतली आणि वयांची विभागणी साठ वर्षांत सारखी मानली, तरी एकाच नावाचे साधारण पावणेदोनशे लोक जमले की तीच स्थिती येते. टेक्सासच्या यादीत काही नावे शेकडो वेळा येतात. म्हणून अ‍ॅन्सोलाबेहेर यांनी पत्ता, जन्मतारीख, लिंग आणि नाव या चार गोष्टींच्या निरनिराळ्या जोड्या करून यादी पुन्हा पुन्हा फिरवली, आणि यांपैकी कोणत्याही एका जोडीने माणूस सापडला तर त्याला ओळखपत्रधारक मानले. ज्या नोंदींत सामाजिक सुरक्षा क्रमांकाचे (अमेरिकी सरकार प्रत्येकाला देते त्या क्रमांकाचे) शेवटचे चार अंक उपलब्ध होते त्यांवर ही रीत तपासूनही पाहता आली. पुढे त्यांनी आयटन हर्श यांच्यासह या रीतीवर स्वतंत्र शोधनिबंध लिहिला. ओळखपत्राच्या वादातून जन्मलेली ही रीत मुळात याद्या जोडण्याची आहे, आणि जिथे सामाईक क्रमांक नसतो अशा कोणत्याही दोन याद्यांना ती लावता येते.

या ताळ्यातून आलेला आकडा 6,08,470 होता, म्हणजे नोंदणीकृत मतदारांपैकी साधारण 4.5 टक्के. राज्याच्या बाजूने त्यावर आक्षेप घेतले गेले. यातील काही आक्षेप दखल घेण्याजोगे आहेत, कारण 65 किंवा त्याहून अधिक वयाच्या मतदारांना टेक्सासमध्ये टपालाने मत देता येते आणि त्यासाठी हे ओळखपत्र लागत नव्हते. तरीही कॉर्पस क्रिस्टी येथील न्यायाधीश नेल्वा गोन्झालेस रामोस यांनी ऑक्टोबर 2014 च्या निकालात हा आकडा स्वीकारला. टेक्सासच्या यादीत वंशाची नोंद नसते, त्यामुळे आडनाव आणि जनगणनेतील वस्तीची रचना यांवरून अंदाज बांधावे लागले. त्यांनुसार ओळखपत्र नसण्याची शक्यता हिस्पॅनिक मतदारांच्या बाबतीत गोऱ्या मतदारांच्या जवळजवळ तिप्पट, तर कृष्णवर्णीयांच्या बाबतीत चौपट होती. उत्पन्नाचा फरक त्याहून तीव्र आहे: वर्षाला 20,000 डॉलरहून कमी कमावणाऱ्या पात्र मतदारांपैकी 21.4 टक्क्यांकडे ओळखपत्र नव्हते, तर 1,00,000 ते 1,50,000 डॉलर कमावणाऱ्यांत हे प्रमाण 2.6 टक्के होते.

विधेयकाच्या समर्थकांचा मुद्दा तोतया मतदारांचा होता, आणि तोही मोजता येतो का हे पाहिले पाहिजे. न्यायालयासमोर आलेल्या नोंदींनुसार, कायद्याआधीच्या दहा वर्षांत टेक्सासमध्ये सुमारे 2 कोटी मते दिली गेली आणि मतदान केंद्रावर दुसऱ्याच्या नावाने मत देण्याबद्दल दोन जणांवर गुन्हा सिद्ध झाला. यावर समर्थक म्हणत, की ओळखपत्रच मागितले जात नसेल तर तोतया पकडला जाणार कसा. तर्कदृष्ट्या ही शंका योग्य आहे, त्यामुळे पकडल्या गेलेल्यांवर अवलंबून नसलेले मापन हवे. जॉन अ‍ॅलक्विस्ट, केनेथ मेयर आणि सायमन जॅकमन यांनी 2012 च्या निवडणुकीनंतर देशव्यापी पाहणीत ते केले. पाहणीतील लोकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करायचे; एका गटाला काही साध्या कृतींची यादी द्यायची, दुसऱ्याला तीच यादी अधिक ‘दुसऱ्याच्या नावाने मत दिले’ हे एक वाक्य; आणि यांतील किती गोष्टी तुम्ही केल्या, एवढा आकडाच विचारायचा. कोणत्या केल्या हे कुणीच सांगत नसल्यामुळे खोटे बोलण्याचे कारण उरत नाही, आणि दोन गटांच्या सरासरीतला फरक म्हणजे लपलेल्या कृतीचे प्रमाण. त्यांना जे प्रमाण मिळाले ते, परग्रहवासीयांनी आपल्याला पळवून नेले असे सांगणाऱ्यांच्या प्रमाणापेक्षा वेगळे काढता येण्याजोगे नव्हते. कोणत्याही पाहणीत चुकून किंवा दुर्लक्षाने दिलेल्या उत्तरांचा एक तळ असतो, आणि तोतया मतदान त्या तळाच्या वर दिसत नाही, एवढाच याचा अर्थ. इतक्या नेटक्या युक्तीने इतका भांडणाचा प्रश्न सोडवलेला मी क्वचितच पाहिला आहे.

यानंतरचा प्रश्न कायद्याच्या विरोधकांना, आणि मलाही, अधिक अस्वस्थ करणारा होता. ओळखपत्र नसलेले लाखो मतदार आहेत, तर कायदा लागू झाल्यावर मतदान तितक्या प्रमाणात घटले का? 2017 मध्ये झोल्टन हजनाल आणि सहकाऱ्यांनी देशव्यापी पाहणीच्या आधारे, असे कायदे असलेल्या राज्यांत अल्पसंख्याकांचे मतदान मोठ्या प्रमाणात घटल्याचे प्रसिद्ध केले, आणि तो निष्कर्ष वर्तमानपत्रांतून गाजला. पुढच्याच वर्षी जस्टिन ग्रिमर, आयटन हर्श आणि इतरांनी तीच सामग्री पुन्हा तपासली, तेव्हा काही राज्यांत काही वर्षी मतदानाच्या नोंदी पाहणीशी नीट जोडल्याच गेल्या नव्हत्या असे आढळले. त्या दुरुस्त केल्यावर निष्कर्ष टिकला नाही. यात हर्श यांचेही नाव असावे, याचे मला मोल वाटते. टेक्सासच्या खटल्यात ओळखपत्र नसलेल्यांचा आकडा ज्या रीतीने निघाला तिच्यावर लिहिणाऱ्या संशोधकाने, विरोधकांना सोयीचा असलेला दुसरा आकडा चुकीचा असल्याचे दाखवून दिले.

त्यानंतर एन्रिको कँटोनी आणि व्हँसाँ पोन्स यांनी 2008 ते 2018 या काळातील देशभरच्या मतदारांच्या 160 कोटी नोंदी तपासल्या. कायदा आलेल्या राज्यांतील मतदानातला बदल आणि त्याच काळात कायदा न आलेल्या राज्यांतील बदल यांची तुलना केली, म्हणजे देशव्यापी लाटेचा परिणाम वजा होतो. एकूण मतदानावर किंवा कोणत्याही वंशाच्या गटावर लक्षणीय घट आढळली नाही. गैरप्रकारांवर किंवा गैरप्रकारांविषयीच्या लोकांच्या समजुतीवरही काही परिणाम आढळला नाही. सभागृहात दोन्ही बाजूंनी ठामपणे केलेले दावे या एकाच शोधनिबंधापुढे लटके पडतात.

मग 6,08,470 या आकड्याचे काय करायचे? माझ्या मते दोन्ही मापने बरोबर आहेत, कारण ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. ज्यांच्याकडे ओळखपत्र नसते ती माणसे बहुधा गरीब, सतत घर बदलणारी, फार म्हातारी किंवा अगदी तरुण असतात, आणि कायदा नसतानाही ती कमी मतदान करतात. समजा शंभरातील साडेचार जणांकडे ओळखपत्र नाही आणि त्यांतील पाचवा हिस्साच एरवी केंद्रावर गेला असता, तर नोंदणीकृत मतदारांतील मतदानाची टक्केवारी एका अंकाहूनही कमी घटेल. टेक्सासमध्ये 2010 साली नोंदणीकृत मतदारांपैकी साधारण 37.5 टक्क्यांनी मत दिले होते, 2014 साली 33.7 टक्क्यांनी. चुरस, उमेदवार, प्रचार अशा कारणांनी होणाऱ्या या चढउतारात तो एक टक्का बुडून जातो. शिवाय कायद्याविरुद्धच्या संतापाने विरोधक अधिक मतदारांना बाहेर काढत असतील, तर सरासरी जागची हलतही नाही. पण ज्याला केंद्रावरून परत पाठवले, त्याच्या बदल्यात दुसऱ्या कुणीतरी उत्साहाने मत दिले म्हणून त्याचे मत परत येत नाही.

सरासरीच्या खाली काय घडत होते हे दोन अभ्यासांतून थोडे दिसते. ह्यूस्टन व राइस या दोन विद्यापीठांतील संशोधकांनी 2014 च्या निवडणुकीनंतर अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) टेक्सासमधील 23 व्या मतदारसंघात, मत न दिलेल्या नोंदणीकृत मतदारांना कारणे विचारली. 12.8 टक्क्यांनी ओळखपत्र नसणे हे एक कारण सांगितले, पण खरोखर चालणारे ओळखपत्र नसलेले 2.7 टक्केच निघाले. उरलेल्यांकडे ते होते. ते चालते, हे त्यांना ठाऊक नव्हते. याद्या कितीही काळजीपूर्वक ताडल्या तरी ही माणसे ‘ओळखपत्र आहे’ याच रकान्यात पडणार.

दुसरी संधी न्यायालयामुळे आली. जुलै 2016 मध्ये पाचव्या सर्किट अपील न्यायालयाच्या (टेक्सासवर अधिकार असलेल्या केंद्रीय अपील न्यायालयाच्या) पूर्णपीठाने 9 विरुद्ध 6 मतांनी या कायद्याचा परिणाम भेदभावाचा असल्याचे ठरवले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरच्या निवडणुकीपुरती अशी सोय झाली, की ओळखपत्र मिळवण्यात वाजवी अडचण आल्याचे लिहून दिल्यास वीजबिल किंवा बँकेचे पत्रक दाखवून मत देता येईल. हजारोंनी अशी प्रतिज्ञापत्रे भरली. मूळ कायद्यानुसार यातील बहुतेकांना परत जावे लागले असते, म्हणजे एरवी न दिसणारा मतदार प्रथमच कागदावर आला. बर्नार्ड फ्रागा आणि मायकेल मिलर यांनी ही प्रतिज्ञापत्रे मतदार यादीशी जोडून पाहिली, आणि ती भरणाऱ्यांत कृष्णवर्णीय व लॅटिनो (हिस्पॅनिक) मतदारांचे प्रमाण गोऱ्यांच्या तुलनेत अधिक असल्याचे दाखवले.

2017 मध्ये टेक्सास विधिमंडळाने ‘सिनेट बिल 5’ संमत करून हीच सोय कायद्यात घेतली, आणि 2018 मध्ये अपील न्यायालयाने तो कायदा कायम ठेवला. अर्जावरील ‘इतर कारण’ हा रकाना मात्र विधिमंडळाने काढून टाकला. आता अर्जावर सात कारणे छापलेली असतात: वाहनाची सोय नाही; आजार किंवा अपंगत्व; जन्मदाखला किंवा अन्य कागद नाही; कामाच्या वेळा; कुटुंबाची जबाबदारी; ओळखपत्र हरवले किंवा चोरीला गेले; अर्ज केला आहे, पण ओळखपत्र अजून हाती आलेले नाही. मतदाराने यांपैकी एकावर खूण करून सही केली, की ओळखपत्र का नाही याची एक नोंद सरकारी कागदावर होते.